शिनेड ओकॉनर : एक उसने गाणे, एक फाटलेले छायाचित्र आणि उरलेली गीतकार

आडवाट

२६ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये आयरिश गायिका शिनेड ओकॉनर गेली. त्या आठवड्यात मी जे मृत्युलेख वाचले, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला परिच्छेद एकाच साच्यातून काढल्यासारखा होता. 'नथिंग कम्पेअर्स टू यू' हे गाणे, त्याच्या चित्रफितीत गालावरून ओघळणारा अश्रू आणि १९९२ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर तिने फाडलेले पोप दुसरे जॉन पॉल यांचे छायाचित्र. यांतले गाणे तिचे नाहीच. ते अमेरिकी संगीतकार प्रिन्सने लिहिले होते आणि १९८५ साली 'द फॅमिली' या गटाच्या ध्वनिमुद्रिकेत ते कोणाच्या फारसे लक्षात न येता येऊनही गेले होते. छायाचित्र फाडण्याला तर गाणे म्हणता येत नाही. जिची ओळख सर्वत्र 'गायिका व गीतकार' अशी करून दिली जाते, तिच्या स्वतःच्या लेखनाचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

१९८७ ते २०१४ या काळात तिचे दहा स्टुडिओ अल्बम आले. गेल्या दोन महिन्यांत मी ते क्रमाने ऐकले. तिच्या आवाजाबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुजबुजीपासून किंकाळीपर्यंतचे अंतर एका श्वासात कापणारे गळे फार थोडे असतात. तिच्या धैर्याबद्दलही शंका नाही. मात्र गीतकार म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवताना मी अडखळतो, कारण तिची गाणी तिच्या गळ्यावेगळी उभी राहतील असे मला वाटत नाही. उत्तम गीत दुसऱ्या कोणी साध्या आवाजात म्हटले तरी टिकले पाहिजे, अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असेल तर ज्यांनी तिला माझ्यापेक्षा अधिक ऐकले आहे त्यांनी दुरुस्त करावी.

खडीसाखर

एक बाळबोध शंका विचारते. मी आजवर हे नाव 'सिनियाड' असे वाचत आले. 'शिनेड' कसे काय?

डब्लिनकर

खडीसाखर, शंका बाळबोध नाही. इथे आल्यावर माझे पहिले सहा महिने नावे चुकीची उच्चारण्यातच गेले. आयरिश भाषेत 'इ' किंवा 'ए' या स्वरांना लागून आलेला 'स' हा 'श' होतो, म्हणून शॉन आणि म्हणूनच शिनेड. 'ए' लांबवायचा आणि आघात त्याच्यावर द्यायचा. हा नियम कळला की इथल्या हजेरीपटावरची निम्मी नावे सुटतात; उरलेल्या निम्म्यांपुढे मी अजूनही हात टेकतो.

विषम_ताल

आडवाट यांनी लावलेली कसोटी मला मान्य नाही, पण त्याकडे नंतर येतो. आधी पहिल्या अल्बमबद्दल लिहितो, कारण तो बाजूला ठेवून ही चर्चा होऊ शकत नाही.

'द लायन अँड द कोब्रा' १९८७ साली आला, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आधी नेमलेल्या निर्मात्याने केलेले काम तिला पसंत पडले नाही. ते बाजूला सारून तिने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि पोटात मूल असताना ध्वनिमुद्रण पूर्ण केले. विसाव्या वर्षी, पहिल्याच अल्बमच्या वेळी, असे करू देणारी कंपनी विरळा आणि तसा हट्ट धरणारी मुलगी त्याहून विरळा. अल्बमचे नाव ९१ व्या स्तोत्रातून घेतले आहे, आणि 'नेव्हर गेट ओल्ड' या गाण्याच्या आरंभी त्याच स्तोत्राचा आयरिश भाषेतला पाठ ऐकू येतो. तो आवाज आयरिश गायिका एन्याचा आहे. त्या वेळी एन्यालाही जग ओळखत नव्हते.

याच अल्बममधले 'ट्रॉय' साधारण साडेसहा मिनिटांचे आहे. शीर्षकामागे आयरिश कवी येट्सची 'नो सेकंड ट्रॉय' ही कविता आहे. येट्सच्या कवितेत ट्रॉय जाळणारी स्त्री दुरून पाहिलेली आहे, तर शिनेडच्या गाण्यात जळणारी आणि जाळणारी एकच आहे. वरवर हे प्रेमभंगाचे गाणे वाटते. पुढे तिने स्वतःच सांगितले की त्यातली रात्र आणि त्यातला बगीचा तिच्या आईशी निगडित आहे, कारण आई तिला शिक्षा म्हणून घराबाहेर बागेत ठेवत असे. शाळेत पाठ केलेली राष्ट्रकवीची कविता घेऊन तिच्यात स्वतःच्या घरातले अंधारे कोपरे बसवायचे, आणि ऐकणाऱ्याला तो सांधा दिसू द्यायचा नाही, हे गीतकाराचे काम नाही तर कोणाचे?

वाचाळवीर

केसांचा किस्सा अजून कोणी सांगितला नाही, म्हणून मी पुढे होतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तिला जेवायला बोलावून केस वाढवावेत, आखूड स्कर्ट घालावेत, जरा 'बायकी' दिसावे असा प्रेमळ सल्ला दिला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि न्हाव्याकडे जाऊन चकोट करून आली. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाचेही डोके पुढे इतके प्रसिद्ध झाले नाही.

शुक्रतारा

वाचाळवीर यांच्या किश्श्याला एक जोड देतो. त्याच अल्बमचे मुखपृष्ठ दोन प्रकारचे आहे. युरोपात निघालेल्या आवृत्तीवर तिचे तोंड उघडे आहे आणि ती ओरडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते छायाचित्र ती गात असताना टिपलेले आहे. अमेरिकेसाठी मात्र मिटलेले ओठ आणि खाली वळलेली नजर असलेले दुसरे छायाचित्र निवडण्यात आले. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेशी तिचे जे काही झाले, त्याची नांदी या दोन मुखपृष्ठांत दिसते.

मी तिला पहिल्यांदा पाहिले ते घराघरांत डिश अँटेनाच्या तारा नुकत्याच पोहोचू लागल्या होत्या तेव्हा, शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणी संचावर. शब्द कळत नव्हते. पडदाभर एक चेहरा, आणि तो कॅमेऱ्यापासून हलत नाही, एवढेच लक्षात राहिले.

डब्लिनकर

त्या चेहऱ्यामागचे घर कसे होते हे थोडे सांगतो, कारण ते घर आणि तेव्हाचे आयर्लंड यांना वेगळे काढता येत नाही.

तिचा जन्म ८ डिसेंबर १९६६ चा, डब्लिनमधला; वाढली ती शहराच्या दक्षिणेकडील ग्लेनागिअरी भागात. पाच भावंडांत ती तिसरी. थोरला भाऊ जोसेफ पुढे नामवंत कादंबरीकार झाला. आईवडील वेगळे झाले तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटच नव्हता. १९३७ च्या राज्यघटनेने त्याला बंदी घातली होती. तिचे वडील व्यवसायाने अभियंते होते, पुढे ते वकील झाले आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी चाललेल्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. १९८६ च्या सार्वमतात तो प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. १९९५ साली तो संमत झाला, तो साऱ्या देशात मिळून अवघ्या ९,११४ मतांनी. अशा देशात मोडलेल्या घरातल्या मुलांकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करावी. आईकडून झालेल्या मारहाणीबद्दल शिनेडने पुढे आयुष्यभर उघडपणे सांगितले. ती आई फेब्रुवारी १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली.

त्याआधी, किरकोळ चोऱ्या करताना वारंवार सापडू लागल्यामुळे, पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिला डब्लिनमधल्या ड्रमकोंड्रा येथील 'अन ग्रिअनान' या संस्थेत ठेवण्यात आले. ही संस्था हाय पार्क मठाच्या आवारात होती, आणि त्याच आवारात मॅग्डलेन लॉण्ड्री चालत असे. 'पाय घसरलेल्या' ठरवलेल्या मुलींना तिथे कोंडून त्यांच्याकडून वर्षानुवर्षे फुकट कपडे धुऊन घेतले जात. शिनेडने लिहिले आहे की एकदा शिक्षा म्हणून तिला वरच्या मजल्यावर मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या खोलीत झोपायला पाठवले. त्या बायका म्हणजे एकेकाळच्या तिच्यासारख्याच मुली होत्या, हे तिला तेव्हा समजले. त्याच संस्थेतल्या एका नन बाईंनी तिला पहिली गिटार घेऊन दिली, हेही तिनेच कृतज्ञतेने नोंदवले आहे. १९९३ मध्ये त्या मठाची जमीन विकताना तिथून १५५ स्त्रियांचे अवशेष उकरून काढण्यात आले, आणि त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंदही नव्हती.

१९९२ च्या घटनेकडे हे सारे ठाऊक असून पाहणे आणि ठाऊक नसताना पाहणे यांत बराच फरक पडतो.

वसईचा_वारा

मी कॅथलिक घरात वाढलो आहे, तेव्हा या धाग्यावर माझा सूर थोडा वेगळा लागेल. आमच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी जॉन पॉल यांचे चित्र असे. १९८६ साली ते मुंबईला आले होते, तेव्हा त्यांना दुरून पाहायला मिळाले हे माझी आजी शेवटपर्यंत सांगत असे. अशा माणसाच्या घरी कोणी ती फीत दाखवली, तर त्याला सर्वांत आधी काय दिसेल? त्याच्या देवघरातले चित्र कोणीतरी फाडते आहे, एवढेच दिसेल. शिनेड ओकॉनर यांनी गाण्यात 'बाल-अत्याचार' हा शब्द घातला होता हे खरे आहे, पण कोणाबद्दल आणि कशाबद्दल त्या बोलत आहेत हे त्या रात्री किती प्रेक्षकांना कळले असेल? ज्यांना ऐकवायचे होते त्यांचेच कान बंद होतील अशी रीत त्यांनी निवडली. त्यांचे म्हणणे खरे होते हे मी आज मान्य करतो. रीत योग्य होती, असे मात्र म्हणणार नाही.

प्राजक्त

वसईचा_वारा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. त्या रात्रीचा क्रम मी पुन्हा मांडते, कारण सांगोवांगीत तो पार बदलून गेला आहे.

३ ऑक्टोबर १९९२. कार्यक्रम 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. तिने जमैकाचे रेगे गायक बॉब मार्ली यांचे 'वॉर' हे गाणे कोणत्याही साथीशिवाय म्हटले. त्या गाण्याचे शब्द बव्हंशी इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणातले आहेत, आणि त्यांत एके ठिकाणी तिने लहान मुलांवरील अत्याचाराचा उल्लेख घातला. तालमीत तिने एका मुलाचे छायाचित्र कॅमेऱ्यापुढे धरले होते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रक्षेपणात काय होणार याची कोणालाही कल्पना नव्हती. तिने फाडलेले छायाचित्र बाजारातून आणलेले नव्हते. ते तिच्या आईच्या भिंतीवर असे आणि आईच्या मृत्यूनंतर तिने ते काढून स्वतःजवळ ठेवले होते. शेवटी ती म्हणाली की खऱ्या शत्रूशी लढा. सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत.

आता पुढचा क्रम पाहा. मुलांवर अत्याचार करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या पाद्र्याचे प्रकरण १९९४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटामुळे गाजले, आणि त्याच्या प्रत्यार्पणात झालेल्या दिरंगाईवरून आयर्लंडचे सरकार त्या वर्षाअखेर कोसळले. १९९९ साली पंतप्रधानांनी औद्योगिक शाळांतल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. २००९ मध्ये अशाच अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रायन आणि मर्फी या दोन आयोगांचे अहवाल आले. २०१० च्या मार्चमध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी याच विषयावर आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिले. तिने छायाचित्र फाडले तेव्हा यांतले काहीही घडलेले नव्हते. सौम्य रीतीने सांगणारे लोक तेव्हाही होते, आणि त्यांना उत्तर मिळत नव्हते.

वसईचा_वारा

प्राजक्त, ते चित्र त्यांच्या आईच्या भिंतीवरचे होते हे मला माहीत नव्हते, आणि ही गोष्ट माझ्या मनात बराच फरक पाडते. आईच्या घरातली तसबीर काढून आणणे आणि परक्याच्या देव्हाऱ्यावर हात टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही रीतीबद्दलचे माझे मत तूर्त तेच राहू द्या. माझी आजी काही त्यांची शत्रू नव्हती.

विषम_ताल

त्यानंतर दोन आठवड्यांनी जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १६ ऑक्टोबर, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बॉब डिलनच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीचा सोहळा. निषेधाची गाणी ऐकत मोठी झालेली पिढी तिथे जमली होती, आणि तिने मंचावर पाऊल टाकताच त्यांच्यातल्या अनेकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. ती डिलनचे 'आय बिलीव्ह इन यू' म्हणणार होती. ते कुजबुजत म्हणायचे गाणे होते आणि त्या गदारोळात ते उमटणे शक्यच नव्हते. साथीदारांनी दोनदा सूर धरला, दोनदा तिने हाताने थांबवले. मग ध्वनिवर्धक मोठा करायला सांगून तिने पुन्हा 'वॉर'च्याच ओळी ओरडून म्हटल्या आणि ती निघून गेली. तिला खाली आणण्यासाठी गायक क्रिस क्रिस्टॉफरसन यांना पाठवले होते. त्यांनी आणण्याऐवजी कानात धीराचे चार शब्द सांगितले. पुढे त्यांनी तिच्यावर एक गाणेही लिहिले.

त्या चित्रफितीत मला नेहमी तिचे हात दिसतात. ते पाठीमागे घट्ट धरलेले आहेत, वर्गात उभे केलेल्या मुलीसारखे.

वाचाळवीर

वातावरण जड झाले आहे, म्हणून त्याच्या दोन वर्षे आधीचे सांगतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत कार्यक्रमाआधी अमेरिकी राष्ट्रगीत वाजवायला तिने नकार दिला. फ्रँक सिनात्राने तिला लाथ घालण्याची भाषा केली आणि पुढच्या गावी सभागृहाबाहेर तिच्याविरुद्ध निदर्शने सुरू झाली. तेव्हा ही बाई टोप आणि काळा चष्मा घालून त्या निदर्शकांत जाऊन उभी राहिली आणि स्वतःविरुद्ध घोषणा देऊ लागली. एका वार्ताहराने तिची मुलाखतही घेतली. स्वतःच्या विरोधात मोर्चा काढून तो यशस्वी करणारी ही एकमेव गायिका असावी.

कोरा_कागद

सगळे कौतुक वाचले. थोडे कडू लिहितो, राग मानू नये. १९९९ मध्ये लूर्द येथे एका स्वतंत्र पंथाच्या बिशपकडून तिने पौरोहित्याची दीक्षा घेतली. २०१८ मध्ये इस्लाम स्वीकारून शुहदा सदाकत हे नाव घेतले. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक नाव घेतले होते. निवृत्ती २००३ मध्ये जाहीर केली, २०२१ मध्ये पुन्हा जाहीर केली आणि काही दिवसांत मागे घेतली. इतक्या कोलांट्या उड्या घेणाऱ्या व्यक्तीच्या एका कृतीला आपण तत्त्वनिष्ठा म्हणतो आणि बाकीच्या कृतींकडे काणाडोळा करतो, हे निवडक नाही का?

प्राजक्त

निवृत्तीबद्दल तुमचे बरोबर आहे, आणि तिच्या मानसिक आजाराबद्दल ती स्वतःच जाहीरपणे बोलत असे. पण धर्माच्या बाबतीत मला उलट सातत्य दिसते. पहिल्या अल्बमचे नाव स्तोत्रातले. दुसऱ्याची सुरुवात प्रार्थनेने. २००५ मध्ये ती जमैकात किंग्स्टनला जाऊन स्लाय आणि रॉबी या तिथल्या वादक जोडीच्या साथीने रास्ताफारी पंथाच्या भक्तीची रेगे गीते मुद्रित करून आली. २००७ च्या अल्बमचे नावच 'थिऑलॉजी', आणि त्यातली बरीच गाणी जुन्या करारातील ग्रंथांवर बेतलेली. देवाला मध्यस्थांच्या तावडीतून सोडवायचे, हा धंदा तिने तीस वर्षे केला. नावे बदलली, शोध बदलला नाही. चर्चवर रागावलेले लोक पुष्कळ असतात. चर्चवर रागावून देवाशी भांडण न करणारे थोडे.

खडीसाखर

कोरा_कागद, निवृत्ती मागे घेण्याचा निकष लावायचा झाला तर आपल्याकडच्या निम्म्या कलावंतांना आणि सगळ्या राजकारण्यांना धाग्याबाहेर काढावे लागेल.

आडवाट

चर्चा उत्तम चालली आहे, पण मूळ प्रश्न १९९२ च्या गर्दीत हरवला. मृत्युलेखांनी जे केले तेच आपणही केले, हे कृपया लक्षात घ्यावे. गीतकार शिनेडबद्दल आतापर्यंत विषम_ताल यांचा एक परिच्छेद सोडला तर काहीही आलेले नाही.

विषम_ताल

हरकत मान्य. तीन गाणी घेतो.

'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' (१९९०, तिचा दुसरा अल्बम). एक गिटार आणि आवाज, बाकी काही नाही. लंडनमध्ये पोलिसांच्या पाठलागात मोपेडवरून जाणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला होता, त्याची ही पार्श्वभूमी. बीजिंगमध्ये विद्यार्थी मारले गेल्यावर मार्गारेट थॅचर यांनी व्यक्त केलेल्या धक्क्यापासून गाणे सुरू होते आणि दोन पावलांत लंडनच्या रस्त्यावर येते. त्यात कुठेही किंकाळी नाही. अंगाई म्हणावी अशा चालीत एक आई सांगते की मुलाला घेऊन मी हा देश सोडते आहे. अल्बमच्या वेष्टनावर कॉलिन रोच या तरुणाच्या आईवडिलांचे छायाचित्र छापले होते. हा मुलगा १९८३ मध्ये लंडनच्या एका पोलीस ठाण्यात बंदुकीच्या गोळीने मेला होता. आडवाट, तुमची कसोटी लावायची तर या गाण्याला लावून पाहा. ते कोणीही साध्या आवाजात म्हणावे, टिकते.

'द लास्ट डे ऑफ अवर अ‍ॅक्वेंटन्स', त्याच अल्बममधले. संसार मोडल्यावर वकिलाच्या कचेरीत होणाऱ्या भेटीचे गाणे. 'ओळखीचा शेवटचा दिवस' हा शब्दप्रयोग पाहा. लग्नाला, प्रेमाला ती 'ओळख' म्हणते, कारण त्या कचेरीत तेवढेच उरलेले असते. पहिला नवरा जॉन रेनल्ड्स तिच्या गाण्यांवर ड्रम वाजवत असे, आणि लग्न मोडल्यानंतरही तिच्या कित्येक अल्बमांची निर्मिती त्यानेच केली, ही त्यातली आणखी एक गंमत.

'फॅमिन' (१९९४). हे गाणे म्हणण्यापेक्षा भाषण आहे, आणि इथे आडवाट यांचा आक्षेप काही अंशी लागू होतो. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या रोगात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. तिचा मुद्दा असा की अन्न होते, ते पहाऱ्यात देशाबाहेर जात होते, म्हणून याला दुष्काळ म्हणू नका. पुढे ती म्हणते की अत्याचार झालेल्या मुलासारखी एका देशाची स्मृती असते आणि आठवल्याशिवाय ती बरी होत नाही. इतिहासकारांनी तिच्या सरसकट विधानांवर आक्षेप घेतले, ते रास्तही आहेत. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळातही देशातून धान्याची निर्यात चालूच होती, हे वाचलेल्या मराठी माणसाला मात्र ते गाणे ऐकताना परके वाटत नाही.

डब्लिनकर

मी कसोटीच बदलायला सुचवतो. आयर्लंडमध्ये 'शान-नोस' म्हणजे 'जुनी रीत' नावाची गायकी आहे. साथ नाही, ताल सैल, गाणारा बहुधा डोळे मिटून बसलेला. कधी शेजारचा माणूस त्याचा हात धरून हलकेच फिरवत राहतो. या गायकीत गाणे कोणी लिहिले याला फारसे महत्त्व नाही. आज रात्री ते कोणी म्हटले आणि कसे वळवले, हे लोक लक्षात ठेवतात. बंदिश कोणाचीही असो, मैफल गाणाऱ्याची, असे आपण म्हणतो त्याच्या जवळपासचे.

'आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह' घ्या. मूळ कविता जुनी, आयरिश भाषेतली, कर्त्याचे नाव नसलेली. इंग्रजी अनुवाद फ्रँक ओकॉनर यांचा, चाल फिलिप किंग यांची. शिनेडने काय केले? त्या चालीखाली जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'चा ठेका घातला आणि शेवटी स्टीव्ह विकमचे फिडल मोकळे सोडले. प्रेयसीच्या थडग्यावर झोपलेल्या प्रियकराचे शोकगीत आणि अमेरिकी कृष्णवर्णीय संगीताचा ठेका शेजारी बसवण्याचे १९९० पूर्वी कोणाला सुचले होते? हे रचनाकाराचेच काम आहे. २००२ चा 'शान-नोस नुआ', म्हणजे 'नवी जुनी रीत', हा पारंपरिक गीतांचा अल्बम तिने याच वाटेने केला.

प्रिन्सच्या गाण्याचेही तसेच. त्यातल्या आईने लावलेल्या फुलांच्या ओळीशी तिला स्वतःची आई आठवली आणि अश्रू आला, असे ती सांगत असे. कागदावर ते प्रियकराला उद्देशून असलेले गाणे आहे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत चार चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले ते मात्र तिने आईसाठी म्हटलेले गाणे.

शुक्रतारा

तिच्या गाण्याबद्दल एक पूरक गोष्ट. नव्वदच्या दशकात, नाव झाल्यानंतर, ती डब्लिनमध्ये फ्रँक मेरिमन या गुरूंकडे पुन्हा गाणे शिकायला गेली. त्यांचा आग्रह असा की स्वतःच्या बोलण्याच्या आवाजात आणि स्वतःच्या उच्चारांत गावे, स्वर भावनेच्या मागून आपोआप येतात. १९९४ चा 'युनिव्हर्सल मदर' हा अल्बम ऐकताना हा बदल स्पष्ट कळतो. 'थँक यू फॉर हिअरिंग मी' मध्ये ती एकच वाक्य थोड्याथोड्या फरकाने आभार मानत म्हणत राहते, आणि काही वेळाने लक्षात येते की हृदय मोडल्याबद्दलही ती आभारच मानते आहे.

कोरा_कागद

एवढे वाचून काल रात्री 'ब्लॅक बॉइज' ऐकले. कोलांट्या उड्यांबद्दलचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण गाणे चांगले आहे.

वाचाळवीर

कोरा_कागद यांनी निवृत्ती जाहीर करण्याआधीच मागे घेतली, असे समजावे काय?

आडवाट

सर्वांचे आभार. माझे मत कुठे बदलले आणि कुठे नाही, ते लिहितो.

'तिची गाणी तिच्या गळ्यावेगळी उभी राहत नाहीत' हे विधान 'ब्लॅक बॉइज'पुरते मागे घेतो. 'फॅमिन'बद्दल कायम ठेवतो. 'ट्रॉय' दुसऱ्या कोणी म्हणावे असे मला अजूनही वाटत नाही, पण विषम_ताल यांचे वाचल्यावर तो त्या गीताचा दोष आहे असेही म्हणवत नाही. डब्लिनकर यांनी सुचवलेली कसोटी मी उशिरा का होईना स्वीकारतो, कारण तिच्या आत्मचरित्रातले जे विधान मला आजवर निव्वळ आव वाटत होते ते त्या कसोटीने समजते. तिथे ती म्हणते की छायाचित्र फाडल्याने आपली कारकीर्द रुळावरून घसरली असे लोक मानतात. आपल्या मते घसरली ती पहिल्या क्रमांकाच्या गाण्याने, आणि फाडण्याने ती पुन्हा रुळावर आली, कारण त्यानंतर पोटापाण्यासाठी गावोगाव जाऊन प्रत्यक्ष लोकांपुढे गाणे भाग पडले. प्रत्यक्ष समोर बसून म्हणायचे गाणे हीच जिची मुळातली रीत, तिला विक्रीच्या यादीचे ओझेच झाले असणार.

डब्लिनकर, तुम्ही डब्लिनजवळच्या ब्रे गावापाशी राहता असे दुसऱ्या एका धाग्यावर वाचले होते. अंत्ययात्रेच्या दिवशी तिथे होता का?

डब्लिनकर

होतो. ८ ऑगस्ट २०२३, मंगळवार. कचेरीतून अर्धी रजा घेतली होती. समुद्रकाठच्या रस्त्यावर, तिच्या जुन्या घरासमोर, सकाळपासून माणसे उभी होती. दफनविधी खाजगी होता आणि प्रार्थना डब्लिनच्या एका इमामांनी म्हटली. शवपेटीच्या गाडीपुढे एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन चालत होती, तिच्या टपावरच्या कर्ण्यांतून बॉब मार्लीची गाणी वाजत होती. माझ्या शेजारी काठी टेकत आलेली एक म्हातारी बाई जपमाळ हातात धरून उभी होती. गाडी समोर आली तशी तिने क्रूसाची खूण केली आणि मग इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मागे ब्रे हेडच्या डोंगरउतारावर दुसऱ्या महायुद्धातली पांढरी अक्षरे आहेत, वैमानिकांना हा तटस्थ आयर्लंड आहे हे वरून कळावे म्हणून दगडांनी मांडलेली. त्यांच्याजवळच त्या आठवड्यात कोणी तिचे नाव आणि एक बदाम तेवढ्याच मोठ्या पांढऱ्या आकारात मांडला होता.

वसईचा_वारा

त्या जपमाळवाल्या बाईंबद्दल लिहिलेत ते बरे केलेत. 'युनिव्हर्सल मदर' आज रात्री ऐकतो.